पीळ

तार्तू गावात, एमायोगी नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
एन्देलचं दुकान. साखरपुड्याच्या अंगठ्या,
तुटलेल्या कर्णफुलांची डागडुजी,
आणि डिसेंबरात दुपारी तीनलाच लावावा लागणारा दिवा.

त्रीनू आली ती तारेचं भेंडोळं घेऊन.
विद्यापीठातल्या पोरांचा उपग्रह आहे, म्हणाली,
पावाच्या लादीएवढा.
त्याला कान हवाय.
कागदावर सहा वाकणं, सहा कोन, सहा लांब्या.
एन्देलनं चष्मा कपाळावर सरकवला.
"हे काढलं कुणी?"
"कुणीच नाही."

मग हातमोजे न काढता तिनं सांगितलं:
आधी दोनशे तारा, कशाही वाकलेल्या,
कॉम्प्युटरच्या पोटात, नुसत्या आकड्यांच्या.
एकेकीला विचारायचं, ऐकू येतंय का?
बहुतेक ठार बहिऱ्या.
ज्यांना जराशी खुडबुड कळली
त्यांच्या जोड्या लावायच्या,
हिचं पहिलं वाकण, तिचं शेवटचं,
आणि पोर जन्मताना एखादा कोन
उगीचच हलवून द्यायचा.
पुन्हा दोनशे. पुन्हा तोच प्रश्न.

"किती पिढ्या?"
"ही नऊशे चौदावी."
एन्देल हसला. "आमच्या घरात तीन पिढ्यांत
फक्त नाक सुधारलं.
तेही आईच्या माहेरून आलं."

मध्ये एकदा सगळ्या सारख्याच झाल्या होत्या,
ती म्हणाली, तीनशेच्या आसपास.
सुबक. एकमेकींच्या सावल्या.
धुक्यात टेकाडावर चढून
हेच शिखर समजून
डबे उघडून बसलेली सहल.
"मग?"
"मग मी त्यांच्यात काही वेड्यावाकड्या सोडल्या.
वाईट होत्या, मुद्दामच.
त्यांतल्या एकीचा गुडघा
या कागदावर आहे. तिसरी ओळ बघा."

रात्री एन्देलनं तार धरली.
चाळीस वर्षं गोलच करत आलेला हात
तिसऱ्या वाकणाशी अडला,
आणि त्याच्याही नकळत
कोन जरासा मवाळ झाला.
दोन अंश. फार तर अडीच.

निळ्या फोमच्या सुळक्यांनी मढवलेल्या खोलीत
ती तार फिरवून फिरवून तपासली.
संध्याकाळी त्रीनू परत दारात.
"तुम्ही ती सुंदर केलीत," म्हणाली,
तक्रारीच्या सुरात.

दुसरी त्यानं कागदाबरहुकूम वाकवली.
रागानं पिळून टाकलेल्या क्लिपसारखी,
कुठल्याच बाजूनं बघवेना.
तिला सगळं ऐकू आलं.
का, ते त्रीनूलाही सांगता येईना.
नऊशे तेरा पिढ्यांना कदाचित माहीत असेल,
पण त्या तर मशीन बंद करताच पुसल्या गेल्या,
नावं नाहीत, थडगी नाहीत,
हजारो बहिऱ्या, अर्धबहिऱ्या, थोडक्यात हुकलेल्या.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही,
हे आपण टोमणा म्हणून शिकलो.
इथे तर त्यावरच सगळं चाललंय:
सुंभ जळतो, रोज, ढिगानं,
आणि पीळ पुढच्या तारेच्या हाती देऊन जातो.

उपग्रह गेला. बातमी आतल्या पानावर आली.
पहिली तार, ती मवाळ झालेली,
एन्देलनं खिडकीत कर्णफुलांशेजारी टांगली.
एप्रिलमध्ये एक मुलगी आत आली,
लग्न ठरलेलं, गाल थंडीनं लाल,
तिची जोडी मिळेल का, विचारू लागली.
"जोडी नाही," तो म्हणाला.
"आणि बहिरी आहे.
पण तुमच्या कानाला काय, चालेल."