पंचनामा, मौजा खैरबोडी

आज रोजी, सकाळी साडेसात,
गट नंबर एकशे बारा,
बोडीच्या पाळीपासून चाळीस पावलं.
टेप विसरले होते, पावलं माझी.

जेसीबीचा दात वारुळाला लागून थांबलेला.
आत घोरपड. जिवंत. मादी असावी.
लांबी मोजू दिली नाही.
जीभ बाहेर काढून तिनं आधी माझा वास घेतला,
मग डिझेलचा.

ठेकेदार इंगोले म्हणाला,
मॅडम, एका सरड्यापायी पूल अडवता काय?
मी म्हटलं, अनुसूची एक.
वाघ ज्या यादीत, त्याच यादीत ही.
तो हसला. वाघाले पाहाले जिपा येतात,
हिले पाहाले कोन येते?

मी आले ना.

कौतिकाबाई टेकाम बांधावर उकिडव्या बसलेल्या.
नात दहावीत. रपट्यावर पाणी चढलं
का शाळा तिकडं, पोरगी इकडं.
बाई, त्या कायद्यात आमचं नाव
कोनत्या पानावर हाये?
मी पेन झटकलं. शाई उतरत नव्हती म्हणून.

काम पंधरा दिवस स्थगित.
पूल अठरा मीटर खाली सरकवावा, अशी शिफारस.
अठरा मीटरला किती गिट्टी, किती सळाख,
इंगोलेनं मनात हिशेब केला
आणि पलीकडे तोंड करून थुंकला.
अंडी असतील तर फुटायला चैत्र उजाडेल.
पंधरा दिवस हा आकडा
माझा नाही, तिचाही नाही,
फॉर्मवर छापून आला होता.

पंच क्रमांक दोन, दशरू कुमरे. अंगठा.
शाईवर त्यांचा हात जरा अडला.
घरी खुंटीला खंजिरी आहे, बापाच्या वेळची,
तिच्यावर ताणलेलं कातडं कुणाचं
ते मला ठाऊक, मला ठाऊक आहे हे त्यांना.
त्या थापेवर रात्रभर दंडार पाहत
मी आईच्या मांडीवर झोपलेय.
पंचांच्या घरात काय काय आहे
असा रकाना पंचनाम्यात नाही.
मी अंगठा धरून टेकवला.

परतताना रपट्यावर अजून पोटरीभर पाणी.
बूट गळ्यात अडकवले.
समोरून शाळेची पोरं येत होती
दप्तरं डोक्यावर धरून,
आणि मीही तशीच,
डोक्यावर कागद.