पसंतीक्रम

यादीत चोवीस जागा भरायची मुभा.
निहाननं दोनच भरल्यात.
सकाळपासून त्या दोन ओळी खालीवर होतायत,
आणि तिच्या कमरेचा दोर धरून
मी वरच्या बुंध्याशी उभा.

गिरेसूनच्या डोंगरात हेझलनटची बाग म्हणजे भिंतच,
निसटलेली टोपली थेट ओढ्यात सापडते.
ती फांदी वाकवते, झटकते, वेचते,
मग हात सलवारीला पुसून फोन काढते.
दोर बराच वेळ हलला नाही की समजावं,
विचार चाललाय.

परवा चहाखान्यात सगळा गाव तज्ज्ञ.
जेमालकाकांनी साखरेचे दोन चौकोन
बशीत समोरासमोर मांडले :
हे इस्तंबूल, हे अंकारा.
इस्तंबूलचं घरभाडं माणसाला खातं.
अंकाराला समुद्र नाही, माणूस आतून सुकतो.
बोलता बोलता इस्तंबूल त्यांनी स्वतःच्याच चहात टाकलं
आणि ढवळलं.

माझी यादी सात वर्षांपूर्वीची,
चोवीसच्या चोवीस भरलेली.
एकही लागली नाही.
मला कुणी बशीत मांडलं नव्हतं.

आईचा प्रश्न एकच :
रात्री बसलं तर बस पोचते कधी?
अंकाराची उजाडता, इस्तंबूलची दुपारी.
आई बोटं मोजत राहिली.
उजाडेपर्यंत मक्याच्या चार भाकऱ्या,
दुपारपर्यंत सात.

बाबा बोलले नाहीत.
गोठ्यामागे बसून त्यांनी सुतळीला गाठी मारल्या,
इस्तंबूलच्या वर्षाला अठरा पोती,
अंकाराच्या वर्षाला अकरा.
सुतळी डोळ्यांजवळ धरून पाहिली.
मग निहान यायच्या आत
एकेक गाठ नखानं सोडवली.

रात्री तिनं मला फोटो दाखवले.
एकात दगडी इमारती, खाली सामुद्रधुनी,
जहाज, पायरीवर झोपलेली मांजर.
"इथंही उतारच की," मी म्हणालो.
"जन्म उतारावरच गेलाय, आबी."
दुसऱ्यात पाइनची झाडं,
कधीकाळी उघड्या माळावर
मुलामुलींनी ओळीनं लावलेली.
"आणि तुला शिकायचंय काय?"
"जमीन कधी सुटते ते."

बेहिजेमावशीचा गोठा सुटला त्या वर्षी
निहान अकराची होती.
तीन दिवसांचा पाऊस, मग एक आवाज,
मग गोठ्याच्या जागी चिखल, आणि गाय नाही.
त्याआधी आठवडाभर ती भेगेत काठी घालून
रोज खूण करत होती.
कुणी विचारलं नाही कशाला.

"दोन्हीकडे शिकवतात ना ते?"
"दोन्हीकडे. तेच तर."

आज मुदत मध्यरात्रीची.
आभाळ पाचलाच भरून आलं.
आम्ही सगळे खळ्याकडे धावलो,
वाळत घातलेल्या मालावर ताडपत्री ओढायला,
आणि ती उलट्या दिशेनं,
मशिदीच्या वळणावर,
जिथं नेटवर्कच्या दोन काड्या मिळतात.
डोक्यावर खताची रिकामी पिशवी धरून
ती तिथं उभी दिसली,
खूप वेळ, पाठमोरी.

परत आली आणि ताडपत्रीचं चौथं टोक धरलं.
कुणी काही विचारलं नाही.
टोकांवर दगड ठेवून झाले,
तेव्हा आईनं विचारलं, "किती भाकऱ्या?"
"चार," निहान म्हणाली.
आणि मग जरा मोठ्यानंच :
"तिथली झाडं मुलांनी लावलीत ना,
मुळं जमीन कशी धरतात ते बघता येईल."

बाबांनी मान हलवली. पावसाकडे बघून हलवली.

गोठ्याच्या खुंटीवर ती सुतळी अजून आहे.
गाठी सोडल्या तरी सुतळी सरळ होत नाही,
जिथं जिथं पीळ बसला तिथं वाकडीच राहते.
मोजायचं म्हटलं तर
कुणालाही मोजता येईल.

मी दोर गुंडाळायला घेतला.
भिजून जड झाला होता.
कुठल्या टोकाला ती होती आणि कुठल्याला मी,
चिखलात कळेना.