मागाची खोली

दोन्ही माग गेले त्या मंगळवारी
वडगावच्या आमच्या बोळात टेम्पो आत येईना,
मग सुटे करून चौघांनी खांद्यावरून नेले.
यांनी धोटा तेवढा मागून घेतला
आणि कुठं ठेवायचा ते न कळून
हातातच धरून बसले, जेवणापर्यंत.

खोलीत उरले जमिनीतले आठ बोल्ट,
घोंगडीएवढा तेलाचा डाग
आणि वाशांवर एकतीस वर्षांचं तूस,
लाल, मोरपंखी, आंब्याच्या रंगाचं,
ज्या ज्या लुगड्यांनी पोट भरलं त्यांचं.
झाडलं तर टोपलीभर निघालं.
टाकवेना. उशीत भरलं.

रेणुका बंगळूरहून फोनवर सांगते,
आई, आता ती खोली शांत कर.
वस्तू कमी ठेव, रंग फिका दे,
कोपऱ्यात हिरवं काहीतरी.
आणि खाट नीलव्वाच्या भिंतीपासून लांब,
तिचा माग रात्रभर चालतो ना.

शांत रंग कुठला, मी मलिकजान पेंटरला विचारलं.
त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, भिंत बघितली.
"शांत म्हणजे पिस्ता की हो अक्का.
श्रीमंत शांत पाहिजे तर हस्तिदंती."
आम्ही पिस्ता घेतला.
दोन हात मारले तरी तेल खालून वर येत राहिलं
छातीच्या उंचीला, जिथं हे टेकून उभे राहायचे,
पाठीच्या आकाराचं.
"ते राहणारच," मलिकजान म्हणाला,
आणि मजुरीतले पन्नास स्वतःहून सोडले.

बोल्ट कापायचे ग्राइंडरवाला तीनशे म्हणाला.
सहा कापले, दोन ठेवले,
त्यांच्यामध्ये खानापूरचा माठ नेमका बसतो.
डागावर चटई.
खिडकीत कढीपत्ता, तुपाच्या रिकाम्या डब्यात.
लाईट बिल, रेशनकार्ड, उतारे,
कानडीतले आणि मराठीतले सगळे कागद
एकाच पत्र्याच्या पेटीत. पेटी खाटेखाली.
भिंतीवर काही नाही, एक खिळा सोडून,
आणि खिळ्यावर धोटा.
फोटो पाठवला. रेणुकानं तीन फुलं पाठवली.

फक्त हे झोपेनात.
रात्री दोनला, थ्री फेज यायच्या वेळेला
उठून बसायचे. हात बटण शोधायचा
आणि बटणाच्या जागी नुसता पिस्ता.
"कानात काहीतरी बंद पडलंय," म्हणायचे.
मी कोमट तेल घातलं, जायफळ उगाळून दिलं,
पोथी वाचा म्हटलं, वाचलीही बिचाऱ्यांनी.
सातव्या रात्री मलाही ऐकू आलं ते,
बंद पडलेलं.

उठले. म्हटलं, धरा एका बाजूनं.
चटई सरकली, डाग उघडा पडला, पडू दे.
खाट ओढत नेली
आणि नीलव्वाच्या भिंतीला चिकटवली.
भिंत आतल्या आत चालत होती, खटक, खटक.
माठातलं पाणी बारीक थरथरत होतं.
यांनी पाठ टेकली
आणि माझं वाक्य संपायच्या आत घोरायला लागले.

सकाळी नळावर नीलव्वानं विचारलं,
"मग्गद सप्पळ त्रास आगतैतेनरी अक्का?"
मी म्हटलं, होऊ दे की.
ती हसली. कळशी कमरेवर घेताना
मराठीत म्हणाली,
आमचाही दिवाळीपर्यंतच आहे हो.

घरी येऊन मी डबा थोडा फिरवला,
अंधारातली पानं उजेडाकडं केली.
हे अजून झोपलेले.
गालाला मोरपंखी तूस चिकटलेलं,
उशी एका कोपऱ्याला उसवलीय.
बघितली पाहिजे. सुई कुठल्या डब्यात ठेवली
ते आता आठवेना,
सगळं जागच्या जागी लावल्यापासून.