शेवटच्या नोंदीनंतर

दर पंधरा मिनिटांनी माझा प्रोग्रॅम
नदीच्या दारात जाऊन उभा राहतो.
विचारतो एवढंच:
पावणेदोननंतरचं काही आहे का?
सगळं नको. आधीचं आहे माझ्याकडे.
वाढलं असेल तेवढंच द्या.

बहुतेकदा उत्तर येतं, बदल नाही.
रिकाम्या हाताचं, पण सभ्य.
पहिल्या आठवड्यात मी दर दहा सेकंदांनी विचारायचे,
तेव्हा सर्व्हरनं दटावलं होतं:
फार तगादा लावता, जरा दमानं.
तेव्हापासून पंधरा मिनिटं,
आणि रात्रभर येरे माझ्या मागल्या,
सेव्हर्नच्या वळणात बसलेल्या या श्रूसबरीत.

शेजारचा एडविन प्राइस कुणालाच विचारत नाही.
ब्याऐंशी वर्षांचा. बॅटरी घेतो,
टॅन्सीला साखळी लावतो,
नदीकाठच्या पायऱ्यांपाशी जातो
आणि मोजतो, किती उरल्या.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री
वरच्या अंगाचं एक यंत्र गप्प झालं.
बाकीची बारा बोलत होती,
मी वेळेची खूण पुढे सरकवली: पावणेतीन.
मग तेराव्याच्या नोंदी आल्या,
दोनची, सव्वादोनची, अडीचची,
धापा टाकत,
कपाळावर आपापली जुनी वेळ घेऊन.
मी पावणेतीननंतरचं मागत होते.
त्या तिथेच थांबल्या.
सर्व्हर खोटं बोलला नाही,
मीच विचारलं नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी दार वाजलं.
एडविन. पायजम्यावर रेनकोट.
'गाडी हलव. दोनच उरल्यात.'
माझ्या स्क्रीनवर तेव्हाही
सगळं हिरवं होतं.

आता मी दरवेळी दोन तास मागे जाते.
घेतलेलंच पुन्हा मागते,
दोनदा आलेलं ओळखून बाजूला ठेवते.
ऑफिसात कॅलम म्हणाला, वाया जातंय हे.
जाऊ दे.

रविवारी कुंपणापाशी एडविन
त्याच्या लहानपणचा पूर सांगतो.
स्वयंपाकघरात तरंगणारी खुर्ची,
माळ्यावर चढवलेल्या कोंबड्या,
बापाचे एकाच पायातले बूट.
नऊ वेळा ऐकलंय.
तरी पहिल्यापासून ऐकते.

परवा मध्येच एक नाव आलं,
म्यूरिएल.
कोण, विचारलं.
त्यानं टॅन्सीची साखळी
एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.
धाकटी, म्हणाला,
खुर्ची तिची होती.