दीड सेकंद

तांदळाच्या डब्यात हात घातला
तर बोटांना काच लागली.
चौथ्या मजल्यावरून पडलेला टॅबलेट
तिने तांदळात पुरून ठेवला होता.
शाळेत कुणीतरी सांगितलं होतं म्हणे,
तांदूळ सगळं ओढून घेतो.
पाणी ओढतो गं, नुत्सा. पडणं नाही.

हे मी मोठ्याने म्हटलं नाही.
मोठ्याने म्हणायचं ते दुसरंच तयार होतं,
माझ्या आईचं, जसंच्या तसं, घडीसुद्धा न मोडलेलं:
पैसे काय झाडाला लागतात?
आणि तोंड उघडता उघडता आठवलं,
हिचे तर झाडालाच लागले होते.

कोबुलेतीला, बाद्रीमामाच्या संत्र्यांच्या बागेत,
मागच्या नोव्हेंबरात तीन शनिवार, तीन रविवार
कात्रीने देठ कापत, सालीला ओरखडा न लावता,
किलोमागे मोजून घेतलेले पैसे.
बोटांचा वास नवं वर्ष आलं तरी गेला नव्हता.
टॅबलेट जुनाच, एका तुर्की ट्रकवाल्याने विकलेला,
मागे त्याच्या पोराने चिकटवलेला डायनासोर.
तो तिने खरवडला नाही.
"आधीपासून राहतो तो इथे," म्हणाली.

म्हणजे फुटलं ते तिचंच.
ज्याचं फुटतं त्यालाच वर ओरडायचं,
हे मी कुठे शिकले ते मला माहीत आहे.

खालच्या गल्लीत ओतिया बसतो,
खोकं म्हणावं एवढंच त्याचं दुकान.
त्याने डोळ्याला भिंग लावलं, पुटपुटला,
चार्जरच्या भोकातून चिमट्याने तांदळाचा दाणा काढला
आणि दाताच्या डॉक्टरसारखा तिच्या तळहातावर ठेवला.
काच बदलायची तर एकशे ऐंशी लारी.
तेवढ्यात दुसरा येईल, बाई.
मी पर्स उघडली.
नुत्साने ती मिटली.
बोलली काहीच नाही, फक्त मिटली.

रात्री तिने मला हाक मारली.
दिवा लावू नकोस, हे दाखवायचं राहिलंय.
तडे गेलेल्या काचेमागे अजून चित्र हलत होतं.
बाबा जहाजावर, त्यांना पाठवायचं होतं
बाल्कनीच्या छताखालचं पाकोळीचं घरटं:
चार चोची, आई येते, जाते, येते,
आणि मग हात सुटतो.

दीड सेकंद.
माझी वाळत घातलेली चादर, आकाश,
त्सिउरीबाईंचे मिरच्यांचे डबे, आकाश,
पर्सिमनची फांदी, पानं, पानं, काळं.

मागे घे, म्हटलं. अजून. थांब.
आकाशाच्या दोन तुकड्यांमध्ये
कठड्याबाहेर कमरेपर्यंत माझी मुलगी होती,
हात लांबवलेला, तोंड उघडं.
पाय कुठे आहेत ते चित्रात नाही.

एकशे ऐंशी लारी!
दिवसभर मी मनातल्या मनात
स्वतःच्या समंजसपणाचं कौतुक करत होते.

"आता रागावशील?" तिने विचारलं.
मला आवाजच फुटेना.
मी बाल्कनीत गेले, ते स्टूल आत आणलं,
पलंगाखाली ढकललं, पुन्हा ओढून काढलं,
जिन्यात नेऊन ठेवलं, परत आले,
आणि तिचे पाय पांघरुणावरूनच
दोन्ही हातांनी धरून बसले.
"दुखतंय," ती म्हणाली. मी थोडेसे सोडले.

मग झोप कुणालाच येईना
म्हणून काळ्या ट्रेमध्ये आम्ही तो तांदूळ निवडायला घेतला.
टाकून द्यायला हवा होता, कळतं मला.
दिव्याखाली काच आणि कणी सारखीच चमकते,
बोट फिरवल्याशिवाय ओळखू येत नाही.
तिला माझ्याआधी सापडायची.
ओतियाने दिलेला दाणा तिने वेगळा ठेवला होता,
तो मात्र परत मिसळू दिला नाही.

मधेच तिने विचारलं, संत्र्यांना किती महिने आहेत,
आणि माझी वाट न बघता
स्वतःच्याच बोटांवर मोजले.
पाच.