पुढच्यासोबत ठेवा

हर्षला मढवी दुपारी तीनला पेनड्राइव्ह घेऊन आल्या.
घणसोली गावाच्या कडेला माझा गाळा.
प्रबंध सरळ करून देतो,
पानामागे आठ रुपये, चहा माझ्याकडून.

"सोमवारी जमा करायचाय. आकडे वेड्यासारखे वागतात."

आकडे वेडे नसतात, ताई.
कुणीतरी मध्येच हाताने लिहिलेलं असतं.
तिसरं प्रकरण पुन्हा एकपासून मोजत होतं,
दुसऱ्या फायलीतून उचललेलं,
येताना स्वतःची यादी घेऊन आलेलं,
नव्या दारावर जुन्या घराची पाटी लावावी तसं.
कुठे एक साधी ओळ बोल्ड होऊन
शीर्षकाचा आव आणून बसलेली;
अनुक्रमणिकेला तिचा पत्ताच नाही.

हाताने टाकलेले आकडे उपटले.
तिन्ही पातळ्या एकाच यादीला जोडल्या.
"आमच्या खाजणात असंच," त्या म्हणाल्या,
"एका उघाडीचं झापड नीट बसलं नाही
की खालच्या सगळ्या मिठागरांत पाणी."
पाणी उतरलं. तीन, तीन झाला.

उरलं एवढंच :
अनुक्रमणिकेत २.३ नंतर थेट २.५.

परिच्छेदखुणा चालू केल्या.
पान अठ्ठावन्न, अगदी वर,
२.४
आणि पुढे नुसता पाठ फिरवून उभा असलेला पी.
रिकाम्या ओळीला शीर्षकाची शैली.
रोजचीच चूक. डिलीटवर बोट ठेवलं, तर

"थांबा."

प्रिंटरचा पंखा तेवढा चालू होता.

"तिथे बाबा येणार होते.
चौतीस मुलाखती घेतल्या, दिवाळ्यापासून गोठिवलीपर्यंत.
मिठावर राबलेला आमच्या घरातला माणूस राहिला.
'लोकांचं घे आधी. मी काय, इथंच हाय.'
शीर्षक काय द्यायचं तेही त्यांनाच विचारणार होते."

मी म्हटलं, ओळ ठेवता येईल.
आकडा नाही ठेवता यायचा.

शैली बदलली.
२.५ मुकाट २.४ झाला,
त्यामागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकले,
रांगेत सरकतात तसे, कोण गेलं ते न विचारता.
"नॉर्मल," त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं
आणि चष्मा पुसायला घेतला.

पण शीर्षकपण गेलं तशी ती ओळ
मागच्या पानाच्या तळाशी घसरली,
सत्तावन्नवर, एकटीच.

त्या पैसे मोजत होत्या तेवढ्यात
परिच्छेदाची खिडकी उघडून एका चौकटीत टिचकी मारली :
पुढच्यासोबत ठेवा.
ओळ उठली, पान ओलांडून वर आली,
मजकुराच्या डोक्याशी बसली.

छापताना खुणा उमटत नाहीत.
परीक्षकांना वाटेल, वरचं मार्जिन जरा जास्त पडलंय.
त्या पानाचे आठ रुपये मी लावले नाहीत.
त्यांनी हिशोब तपासला,
आणि आठ रुपये सुटे टेबलावर ठेवून गेल्या.