वेळ घालायची राहिली

झोम्बाच्या इस्पितळात प्रमाणपत्रं मी लिहितो.
माझं खरं काम कोठारात,
हातमोजे, कापूस, साबणाच्या वड्या,
पण अक्षर बरं म्हणून दर ऑगस्टात
मेट्रन जाड कागदांचा गठ्ठा पाठवतात,
वर चिठ्ठी: नावं नीट लिही.

गेल्या वर्षी लुसुंगुची मी लुंगुसु केली होती.
पोर तोच कागद छातीशी धरून
हसत फोटोला उभी राहिली.
अजून समोर आली की मी खोकी मोजायला लागतो.

यंदा अकरा विद्यार्थी, एक मार्गदर्शक.
कुणी रात्रपाळीचा एकही खाडा केला नाही.
कुणाच्या चादरींचे कोपरे असे की
मेट्रननी नाणं टाकून पाहिलं, उडालं.
आणि तो उंच यांको,
भाजलेल्या मुलीची पट्टी बदलताना
तिच्याकडून गाणं शिकायचा, रोज एक ओळ,
पट्टी संपली तेव्हा गाणं अर्धंच झालं होतं,
घरी निघालेल्या मुलीला फाटकापर्यंत पोचवत
उरलेलं त्यानं पाठ करून घेतलं.
याला काय लिहू? मेट्रन म्हणाल्या, ‘रुग्णसंवाद’.
लिहिलं.

मार्गदर्शक: सिस्टर दोरिका काफोटेका, बालविभाग.
शिफारस वहीच्या पानावर, पाठपोट,
लिहिणारी आतुपेले,
जिला याच सिस्टरनी मार्चमध्ये नापास केलं.

‘चारची नाडी मी मोजलीच नव्हती.
तीनची उतरवली, एकशे दहा.
बाळाला काही झालं नाही,
साडेचारला ते पेज मागत होतं.
पण सिस्टरनी त्याआधीच मनगट धरलं होतं:
एकशे चौतीस.
रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं.
अनुत्तीर्ण, असं लिहून खाली वेळ घातली,
सोळा वाजून बावीस.

मग सहा आठवडे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा,
शेजारी स्टुलावर बसून
मला सलाईनचे थेंब मोजायला लावले.
शंभर झाले की विचारायच्या,
मघाचा एकोणचाळिसावा कसा होता?
मला वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय.

जूनमध्ये लाईट गेली. पंप बंद.
बाहेर चिपेरोनीची झिमझिम,
आत सात मुलं आणि मी.
टॉर्च दातांत धरून उजाडेपर्यंत मोजलं.
एकोणचाळिसावा कसा होता, अजून सांगता येणार नाही.
पण तो सुटला नाही.’

प्रमाणपत्रावर ‘कशाबद्दल’ला जागा चार बोटं.
‘नापास केल्याबद्दल’ असं लिहावंसं वाटलं,
मेट्रननी मलाच कोठाराबाहेर काढलं असतं.
निष्ठा, सेवा, समर्पण,
हे शब्द माझ्या हाताला इतके सवयीचे की
दौतीत बुडवण्याआधीच वाळलेले.
शेवटी लिहिलं: मोजण्याबद्दल.
काय मोजण्याबद्दल, मेट्रननी विचारलं.
म्हटलं, जागा संपली.

समारंभ भोजनगृहात झाला.
आवारात चुली मांडून राहिलेले रुग्णांचे नातलग
खिडक्यांतून बघत होते, धूर आत येत होता.
कुणाच्या तरी आजीनं जीभ हलवत
असा उलुल काढला की
प्राचार्यांचं भाषण तिथंच थांबलं,
आणि कुणाची काही हरकत दिसली नाही.

संध्याकाळी सिस्टर कोठारात आल्या,
छातीवरचं उलटं घड्याळ, हातात माझा कागद.
मला वाटलं, झालं, नाव चुकलं.
‘तारीख आहे,’ म्हणाल्या, ‘वेळ नाही.’
विचारली. त्यांनी घड्याळ उचलून पाहिलं.
पंधरा वाजून चाळीस. कोपऱ्यात लिहिली.
फुंकर त्यांनीच घातली.

मागे आतुपेले उभी होती,
हातमोजे न्यायला, मध्यम, दोन खोकी.
नोंदवही पुढे सरकवली,
तिनं सही केली,
आणि मी सांगायच्या आत
भिंतीकडे मान वळवून
वेळ घातली.